कार-टी उपचार: पेशीत ‘बंद करायचं बटण’ का बसवत नाहीत?

जुन्नर-आंबेगावात ज्या घरात रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण आहे, त्या घरातून हल्ली दोन प्रश्न हमखास येतात. “डॉक्टर, मुंबईचा तो पेशी बदलायचा उपचार सगळ्याच कॅन्सरवर का देत नाहीत?” आणि “त्रास झाला की बंद करायचं एखादं बटण त्यात का बसवत नाहीत?” दोन्ही प्रश्न योग्य आहेत.

उपचार काय आहे?

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेल्या ‘नेक्सकार१९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. यात रुग्णाच्या रक्तातील टी-पेशी काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात एक कृत्रिम जनुक घालतात आणि त्या पेशी परत रुग्णाला देतात. या जनुकामुळे टी-पेशी ‘सीडी१९’ ही खूण असलेल्या पेशी ओळखून मारते. ही खूण बी-पेशींवर असते. म्हणूनच हा उपचार बी-पेशींच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमासाठी आहे. स्तन, तोंड किंवा गर्भाशयाच्या कर्करोगासाठी तो नाही.

भाग एकमेकांना कसे अडवतात?

हे जनुक अनेक तुकडे जोडून बनते: बाहेर खूण पकडणारा भाग, आत ‘हल्ला करा’ सांगणारा भाग आणि पेशीला टिकवणारा भाग. प्रत्येक तुकडा एकटा नीट चालतो. एकत्र आले की अडचणी सुरू होतात.

पहिली अडचण वाटणीची. आपल्याकडे एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी लाइट आल्याबरोबर एकदम चालू केल्या, तर व्होल्टेज पडतं. मोटार कुणाचीच खराब नसते, तरी शेवटच्या विहिरीवर पाणी चढत नाही. पेशीतही प्रथिने बनवणारी यंत्रणा मर्यादित असते. जनुके वाढवत गेलो, तर ती एकमेकांचा वाटा खातात आणि पेशीच्या स्वतःच्या कामावरही ताण येतो.

दुसरी अडचण नको तिथे जुळण्याची. काही रचनांमध्ये बाहेरचे भाग आपापसातच चिकटतात. समोर कर्करोग नसतानाही पेशीला सतत ‘हल्ला करा’ असा संदेश जातो आणि ती थकते. आतला साथीचा भाग कोणता निवडला, यावरही हे थकणे कमी-जास्त होते.

तिसरी अडचण शेजाऱ्याची. बाहेरून घातलेले जनुक पेशीच्या गुणसूत्रात कुठेतरी बसते. चुकीच्या जनुकाशेजारी बसले, तर ते जनुक चाळवू शकते. कार-टी घेतलेल्या काही थोड्या रुग्णांत पुढे टी-पेशींचाच कर्करोग आढळला, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने जानेवारी २०२४ मध्ये या औषधांवर ठळक इशारा द्यायला सांगितले. हा धोका फार कमी आहे, पण त्यासाठी तपासण्या वर्षानुवर्षे चालू ठेवाव्या लागतात.

मग बटणाचे काय?

तसे बटण बनले आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर दिलेल्या टी-पेशींत असे बटण होते. एका औषधाने ३० मिनिटांत त्यातल्या ९० टक्क्यांहून अधिक पेशी मेल्या. पण बटण म्हणजे आणखी एक तुकडा, आणि तो बाकीच्या तुकड्यांशी कसा वागतो हे नव्याने तपासावे लागते. शिवाय बटण दाबले की उपचारही संपतो. म्हणून नव्या रचनांना वर्षे लागतात. याला दिरंगाई म्हणता येणार नाही.

कुटुंबाने काय करावे?

• हा पहिला उपचार नाही. आधीच्या औषधांना दाद न देणाऱ्या किंवा उलटलेल्या आजारात, १५ वर्षांवरील रुग्णांसाठी त्याचा विचार होतो. चालू केमोथेरपी त्याची वाट पाहत थांबवू नका.

• अपेक्षा खरी ठेवा. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत ६४ रुग्ण होते. ज्यांच्यात परिणाम मोजता आला, त्यांपैकी सुमारे ७३ टक्क्यांत आजार कमी झाला किंवा दिसेनासा झाला. उपचाराशी संबंधित दोन मृत्यूही नोंदले गेले.

• पहिले काही आठवडे रुग्णालयाजवळच राहण्याची सोय करा. ताप, धाप, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर घरी तापाची गोळी देऊन वाट पाहू नका. लगेच उपचार करणाऱ्या केंद्राला कळवा.

• खर्च परदेशापेक्षा बराच कमी असला तरी लाखांत आहे. जमीन विकण्याचा निर्णय घेण्याआधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला भेटा.

• गुडघेदुखी, मधुमेह किंवा ‘कुठल्याही कॅन्सरवर’ जनुकीय उपचार देतो असे कुणी सांगितले, तर पैसे देऊ नका. आधी फाइल घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे या.