पेनल्टी हुकली की जात आठवते

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीतला सतरा वर्षांचा मुलगा. मागच्या मोसमात एका स्थानिक स्पर्धेत सामना टायब्रेकरवर गेला आणि याचा फटका बारवर आदळून बाहेर गेला. कुणीतरी मोबाइलवर काढलेली ती क्लिप संध्याकाळी इन्स्टाग्रामवर चढली. क्लिपमध्ये मैदानाच्या भिंतीमागे जयंतीचा निळा झेंडा दिसत होता. रात्रीपर्यंत खाली प्रतिक्रियांची रांग लागली. "इथेही कोटा?" असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने बाबासाहेबांच्या नावाला शेपूट लावून केलेली ती शिवी दिली, जी आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी वाचलेली आहे. त्याच्या रंगावरून माकडांची चित्रं तर मोजता येणार नाहीत इतकी. तिसऱ्या दिवशी पोराने खातंच बंद केलं. नंतर माझ्याकडे आला आणि एकच प्रश्न विचारला, "ताई, हे अ‍ॅट्रॉसिटीत बसते का?"

त्या प्रश्नाचं सरळ उत्तर मला देता आलं नाही. म्हणून हा लेख.

११ जुलै २०२१ ला लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंड इटलीकडून पेनल्टीवर हरलं. मार्कस रॅशफोर्ड, जेडन सँचो आणि बुकायो साका या तिघांच्या पेनल्टी हुकल्या. तिघेही कृष्णवर्णीय. साका तेव्हा अवघा १९ वर्षांचा होता. काही तासांतच त्यांच्या खात्यांवर माकडं, केळी आणि "आपल्या देशात परत जा" असल्या मजकुराचा पाऊस पडला. आपल्याकडे अनेकांनी हळहळ व्यक्त केली. मग महिनाही झाला नव्हता, तोवर ४ ऑगस्टला टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात भारताच्या महिला हॉकी संघाचा अर्जेंटिनाकडून पराभव झाला आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावात वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फुटले. संघात दलित खेळाडू जास्त झाल्या म्हणून हरलो, असं ओरडत माणसं नाचल्याची तक्रार तिच्या घरच्यांनी पोलिसांत दिली. चारच दिवसांपूर्वी याच वंदनाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. तीन गोल केले तेव्हा ती देशाची लेक होती, हरली तेव्हा जातीची झाली.

त्याच ऑक्टोबरात पाकिस्तानकडून क्रिकेट सामना हरल्यावर मोहम्मद शमीला गद्दार ठरवलं गेलं. २०२२ मध्ये आशिया चषकात एक झेल सुटला आणि अर्शदीप सिंग खलिस्तानी झाला. सगळीकडे रीत एकच आहे. जिंकलं तर यश सगळ्यांचं, हरलं तर दोष त्याच्या जातीचा, धर्माचा, रंगाचा. सवर्ण खेळाडूलाही हरल्यावर शिव्या बसतात, हे खरंच. पण त्या त्याच्या खेळाला बसतात. तो संघात आला कसा, हा प्रश्न त्याला कुणी विचारत नाही.

एक फरक मात्र आपण नीट समजून घ्यायला हवा. साकाचा रंग टीव्हीवर दिसतो. जात दिसत नाही, ती शोधावी लागते. आणि लोक शोधतात. २०१६ मध्ये पी. व्ही. सिंधूने रिओत रौप्यपदक जिंकलं, तेव्हा देशातल्या हजारो लोकांनी गूगलवर तिची जात शोधली होती. आपल्या पोराच्या बाबतीत गूगलचीही गरज पडली नाही. आडनाव, वस्तीचं नाव आणि मागचा झेंडा एवढं पुरलं. समाजशास्त्र शिकताना जात ही माणसाला चिकटवलेली ओळख आहे असं पुस्तकात वाचलं होतं. ती मोबाइलच्या पडद्यावर दोन मिनिटांत कशी चिकटवली जाते, ते इथे बघायला मिळालं.

हे काही इंटरनेटमुळे जन्माला आलेलं नाही. पुण्याच्या जिमखान्यात गोलंदाजी करणाऱ्या पळवणकर बाळूंना मैदानात सोबत घेत, पण चहाच्या वेळी त्यांचा चहा पॅव्हेलियनबाहेर आणि तोही मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या या चर्मकार समाजातल्या गोलंदाजाला हिंदू संघाचं कर्णधारपद कधीच मिळालं नाही. ते पुढे १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळालं, तेही बरीच भांडणं झाल्यावर. तेव्हा अपमान करायला समोर यावं लागे, कप वेगळा ठेवावा लागे. आता खोटं नाव घेऊन घरबसल्या जमतं. (राजकारणात बाळू १९३७ ला काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. त्यामुळे आपल्या मंचांवर त्यांचं नाव कमी येतं. त्यांच्या वाट्याला आलेला अपमान मात्र आपलाच आहे.)

नागपूरला तर या विषयाचा विसर पडायलाच नको. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये वस्तीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवलं, त्यातून 'स्लम सॉकर' उभं राहिलं आणि २०२२ मध्ये नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला. त्यात आपलीच पोरं होती. बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर हात जोडणारा अमिताभ बघून आपण शिट्ट्या मारल्या. पण वस्तीतली भिंत ओलांडून मैदानात आलेल्या पोराला आता दुसरी भिंत लागते, ती फोनमध्ये आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येते. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर कलम ३(१)(आर) मध्ये लोकांसमक्ष हेतुपुरस्सर केलेला अपमान येतो आणि ३(१)(एस) मध्ये जातीवाचक शिवीगाळ. 'लोकांना दिसेल अशी जागा' ही अट दोन्हींत आहे. मोबाइलचा पडदा ही अशी जागा आहे का? केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये एका यूट्यूब मुलाखतीच्या प्रकरणात हो म्हटलं. इंटरनेटवरचा मजकूर जेव्हा जेव्हा कुणी उघडतो, तेव्हा पीडित व्यक्ती तिथे हजरच आहे असं धरावं लागेल, असा त्याचा आशय. ही बाजू आपली. दुसरी बाजू अशी की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाजन स्कारिया प्रकरणात स्पष्ट केलं, अनुसूचित जातीच्या व्यक्तीचा प्रत्येक अपमान या कायद्यात बसत नाही, तो जातीमुळे केला होता हे दिसलं पाहिजे.

गाडी अडते ती इथे. आम्ही ज्या ठाण्यात गेलो तिथल्या साहेबांनी पहिलाच प्रश्न केला, "जातीचं नाव घेतलं का?" "कोटा" या शब्दात जातीचं नाव नाही. माकडात नाही. निळ्या रंगावरच्या टोमण्यातही नाही. शिवी देणाऱ्यांना हे पक्कं माहीत आहे, म्हणून त्यांनी भाषाच बदलली आहे. दुसरा प्रश्न त्याहून लागणारा होता, "तुम्ही तर बौद्ध, मग जात कुठली?" हे उत्तर प्रत्येक कार्यकर्त्याच्या तोंडावर असावं: १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात हिंदू आणि शीख यांच्यासोबत बौद्ध धर्माचाही समावेश झाला आहे, त्यामुळे धर्मांतरित अनुसूचित जातीच्या व्यक्तीला संरक्षण आहे. फक्त जातीचं प्रमाणपत्र हातात हवं. त्या पोराचं अर्जात अडकलेलं होतं.

पुराव्याचंही तसंच. त्याने रागाच्या भरात खातं बंद केलं, त्याबरोबर त्याला आलेले खासगी संदेश हातातून गेले. आमच्याकडे मित्राने काढलेले चार स्क्रीनशॉट उरले, त्यावर तारीख नाही, खात्याचा पत्ता नाही. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, पूर्वी ६५-ब म्हणत, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. तेव्हा असं घडलं तर आधी लिंक जपा, पूर्ण पडदा दिसेल असं चित्र घ्या, ज्या फोनमध्ये घेतलं तो फोन बदलू नका, मग सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर आणि ठाण्यात लेखी द्या. या गुन्ह्याचा तपास सहायक आयुक्त किंवा उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, हेही लक्षात ठेवा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने २०२१ च्या नियमांनुसार २४ तासांत पोच द्यायची असते. पोच आम्हाला आली. उत्तर असं की मजकूर त्यांच्या नियमांचा भंग करत नाही. मराठीतली, त्यातही नागपुरी वळणाची शिवी कुठल्या यंत्राला कळणार?

बाहेर काही हललं आहे. वंशद्वेषी मजकूर ऑनलाइन टाकणाऱ्याला मैदानात येण्यापासून रोखण्याची तरतूद ब्रिटनने २०२२ मध्ये केली. व्हिनिसियस ज्युनियरला माकड म्हणणाऱ्या व्हॅलेन्सियाच्या तीन प्रेक्षकांना स्पेनच्या न्यायालयाने जून २०२४ मध्ये आठ महिन्यांची शिक्षा सुनावली. फिफाने २०२२ च्या विश्वचषकापासून खेळाडूंची खाती तपासून असला मजकूर लपवण्याची सोय केली. पण ती सोय व्हिनिसियसला आहे, आपल्या वस्तीतल्या पोराला नाही. आणि कडक कायदा मागताना महाराष्ट्रातलंच पालघर विसरू नका. २०१२ मध्ये एका फेसबुक पोस्टवरून तिथे दोन तरुणींना अटक झाली होती. ते कलम ६६-अ पुढे २०१५ मध्ये रद्द झालं. मोघम शब्दांचा कायदा आला तर पहिला बडगा आपल्याच पोस्टवर पडेल, असं मला वाटतं. मागायचं ते नेमकं मागावं: क्लब आणि जिल्हा संघटनांच्या नियमांत जातीवाचक व वंशद्वेषी शिवीगाळ हा शब्दशः गुन्हा, त्यासाठी सामनाबंदी, आणि स्पर्धेचं पान चालवणाऱ्यावर प्रतिक्रिया काढून टाकण्याची जबाबदारी.

आणखी एक गोष्ट, जी लिहिताना मला जड जाते. युवराजसिंगने २०२० मध्ये इन्स्टाग्रामवर सहकाऱ्याविषयी गंमत म्हणून जातीवाचक शब्द वापरला, हांसीत गुन्हा दाखल झाला, तेव्हा आपण सगळे चवताळून उठलो. बरोबरच होतं. पण ज्या पोराला शिव्या पडल्या, त्याच्याच संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात मी शमीवरचे विनोद वाचले. ईशान्येकडच्या एका खेळाडूला "चिंकी" आणि आफ्रिकी खेळाडूला "कालू" म्हणणारेही आपलेच. मी विचारलं तर म्हणाले, "ताई, मजाक आहे." युवराजसिंगचंही हेच म्हणणं असावं. मोमिनपुरा आणि कामठीच्या पोरांसोबत खेळूनच नागपूरचा फुटबॉल उभा राहिला आहे. त्यांच्यावरच्या शिवीला अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही, म्हणून ती कमी लागते का? त्या रात्री गटात बरीच वादावादी झाली. दोघे गट सोडून गेले. एकाने दुसऱ्या दिवशी मैदानावर येऊन माफी मागितली, बाकीचे गप्प आहेत.

आमची लेखी तक्रार अजून चौकशीत आहे. आईचं म्हणणं, "जाऊ दे ना, पोराचं करिअर आहे." बाप म्हणतो, लढायचं. पोरगा दोघांचंही ऐकून घेतो आणि संध्याकाळी सरावाला जातो. पुढच्या महिन्यात पुन्हा स्पर्धा आहे. परवा त्याने प्रशिक्षकाला हळूच सांगितलं, संघाच्या पानावर फोटो टाकाल तर माझं आडनाव लिहू नका.