थकव्याचा गुन्हा काय?

हल्ली एक नवा वेदान्त निघाला आहे. शरीर मिथ्या, जिद्द सत्य! पूर्वी ही भाषा मठात ऐकू येई. आता ती पहाटे साडेचारला मनगटावर घड्याळ बांधून रस्त्याने धावत असते. “थकवा? तो मनाचा खेळ हो!” असे सांगणारे गुरू गल्लोगल्ली झाले आहेत, आणि त्यांचे लाडके दैवत म्हणजे लांब पल्ल्याचे ट्रायथलॉन.

ज्यांना हे दैवत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ३.८ किलोमीटर पोहायचे, ओलेत्याने १८० किलोमीटर सायकल हाणायची आणि उतरून ४२ किलोमीटर धावायचे. तेही साधारण १७ तासांत. आमच्या गोंदियाच्या मापाने बोलायचे तर आगगाडीने नागपूर सुमारे १३० किलोमीटर. म्हणजे गडी नागपूर मागे टाकून वर्ध्याच्या वाटेला लागला, आणि मग त्याने धावायला सुरुवात केली! १९७८ साली हवाई बेटांवर १५ जणांनी हा खटाटोप प्रथम आरंभला, १२ जणांनी तडीस नेला. २०१५ साली मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकला तो १५ तास १९ मिनिटांत पुरा केला. २०१९ साली त्याची निम्म्या अंतराची शर्यत गोव्यातही झाली. या मंडळींचे कौतुक करावे तेवढे थोडेच. आमचे भांडण त्यांच्याशी नाही. त्यांची छायाचित्रे पुढे करून विश्रांतीला आळस ठरवणाऱ्यांशी आहे.

नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सायकलशर्यत एकट्याने पुरी केली, बारा दिवसांच्या आत. पण शर्यतीतले जागरण पाहून सरावात जागरण करणे म्हणजे लग्नाची पंगत पाहून घरी रोज बुंदी खाण्यापैकी आहे.

आणि मनाच्या खेळाचे म्हणाल, तर तो खेळ १८९१ सालीच तपासून झाला आहे. त्या वर्षी इटलीच्या आंजेलो मोस्सो यांचा थकव्यावरचा ग्रंथ निघाला. बोटाने वजन उचलायला लावून ते स्नायूची ताकद मोजीत. परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकाचे बोट लवकर हरले. बोटाने काय केले होते? काही नाही; शिणले होते डोके. तेव्हा दिवसभर खतावण्या जुळवून संध्याकाळी सायकलवर बसणारा कारकून पाय ओढतो, तो ढोंग करीत नसतो. त्याची कमाई एकच आहे, खर्च दोन घरचा.

खरे तर सरावाने शरीर बळावत नाही, झिजते. बळ येते ते नंतर, झोपेत आणि ताटावर. शरीरात साखरेचा साठा असतो तो सुमारे २००० कॅलरींचा. दोन-अडीच तासांच्या नेटाच्या श्रमात तो तळाला जातो. भातगिरण्यांच्या या गावात रिकाम्या कोठाराचा अर्थ समजावून सांगावा लागू नये! रोज अंथरुणातच नाडी मोजावी; ती चार दिवस नेहमीहून आठ-दहा ठोके जास्त लागली, झोप उडाली, भूक मेली, घरच्यांवर विनाकारण खेकसणे सुरू झाले (हे शेवटचे लक्षण सौभाग्यवतींना आधी कळते), तर सायकल भिंतीला टेकवावी.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात. खांदशेकणी म्हणतात तिला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मानेवर जू पडत नाही. बैलाचा थकवा हा त्याच्या मनाचा खेळ आहे, असे एकाही शेतकऱ्याला कधी सुचलेले नाही. चिखलात वाकून रोवणी केलेल्या बाईला घरी येऊन पाठ टेकाविशी वाटली, तर तिलाही कोणी जिद्दीवर प्रवचन देत नाही. दिलेच, तर ऐकून घेणार नाही ती!

हसण्यावारी नेण्याजोगी मात्र ही गोष्ट नाही. पूर्व विदर्भात सिकलसेलचा दोष अनेक घरांत उतरलेला आहे. त्याचा नुसता वाहक असलेला मुलगा एरवी धडधाकट असतो, खेळतो, धावतो. पण रणरणत्या उन्हात न थांबता श्रम झाले तर स्नायू फुटून क्वचित जिवावर बेतते. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांच्या वरच्या श्रेणीत २०१० पासून ही तपासणी सक्तीची झाली, ती मुले दगावल्यावर. मुलींमध्ये तर रक्तातले लोह कमी असणे ही घरोघरची कथा. अशी मुलगी “दम लागतो हो” म्हणते, तेव्हा तिला थेंबभर रक्ताची तपासणी हवी असते, आणि गुरुजी तिला सुविचार पाठवतात! पाय लटपटणाऱ्या पोराच्या कानाशी “थांबू नकोस” म्हणून ओरडणाऱ्याला आपण शिक्षक म्हणावे काय? विद्यार्थ्याचे हिमोग्लोबिन किती, हे त्याला विचारून पाहा; सायकलचे वजन मात्र ग्रॅमपर्यंत पाठ असेल.

आता दिवाळी आली आहे. नरकचतुर्दशीला पहाटे पोराला उठवाल ते अभ्यंगासाठी उठवा. फराळ झाल्यावर तो पुन्हा पांघरुणात शिरला, तर त्याचे बूट आजीने माळ्यावर ठेवावेत आणि कुठे ठेवले ते पाडव्यापर्यंत आठवू नये.