वसतिगृहाचा हिशेब फडापर्यंत

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवर आवराआवर सुरू होते. दिवाळी उलटेपर्यंत धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, केज या तालुक्यांतली कितीतरी घरे कुलूपबंद होतात. मुकादमाची उचल घेतलेले कोयते ट्रकने, ट्रॅक्टरने, बैलगाडीने सांगली-कोल्हापूरकडे, सोलापूर-पुण्याकडे, नाहीतर थेट बेळगाव-बागलकोटकडे ऊसतोडीला निघतात. मागे उरतात म्हातारी माणसे आणि शाळेच्या पटावरची मुले.

या मुलांनी आईबापांबरोबर फडावर जाऊ नये म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये समग्र शिक्षा अभियानातून हंगामी वसतिगृहे चालवली जातात. सकाळ-संध्याकाळचे जेवण शाळेत मिळते आणि दुपारचे शालेय पोषण आहारातून. झोपायला बहुतेक मुले आजी-आजोबांकडे किंवा चुलत्याकडे जातात. निधी जिल्हा परिषदेमार्फत येतो आणि प्रत्यक्ष खर्च शाळा व्यवस्थापन समिती करते. किराणा, भाजीपाला, गॅस, स्वयंपाक करणाऱ्या बाईंचे मानधन, अशा छोट्या-छोट्या नोंदींचा हा व्यवहार असतो. हंगामभर तो चालतो आणि हंगामाबरोबर संपतो.

या खर्चावर नजर ठेवायची कोणी, याचे उत्तर कायद्यात आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009च्या कायद्यातील कलम 21 प्रमाणे शाळेला मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर देखरेख ठेवणे हे शाळा व्यवस्थापन समितीचे काम आहे. समितीत किमान 75 टक्के पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असेही हाच कायदा सांगतो. तरतूद नेटकी आहे, पण ऊसतोडीच्या गावात ती नेमक्या त्याच सहा महिन्यांत लंगडी पडते. ज्या पालकांनी हिशेब पाहायचा, ते त्या वेळी दोनशे-तीनशे किलोमीटरवर कोपीत राहून पहाटे ऊस तोडत असतात. बैठकीच्या इतिवृत्तावर सही किंवा अंगठा कोणाचा आहे, हा प्रश्न मग आपोआपच उभा राहतो. पैसे खर्च होतात तेव्हा पाहणारा गावात नसतो आणि पाहणारा गावात परततो तेव्हा वसतिगृह बंद झालेले असते. पटावरचा आकडा फुगवल्याच्या, नाहीतर जेवण कागदावरच वाढल्याच्या तक्रारी अशाच फटीतून जन्माला येतात. त्या खऱ्या की खोट्या, हे ठरवायला लागणारे कागदही त्या फटीतच अडकून राहतात.

माहितीचा अधिकार आहेच, असे यावर कोणी म्हणेल. तो आहे आणि तो मिळवण्यात महाराष्ट्राचा वाटाही मोठा आहे. केंद्राचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 रोजी पूर्णपणे लागू झाला, त्याआधीच राज्याचा स्वतःचा कायदा होता. पण अर्जाचा रस्ता या हंगामाच्या मापाचा नाही. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून 1 डिसेंबरला अर्ज दिला, तर जन माहिती अधिकाऱ्याला 30 दिवसांची मुदत आहे. उत्तर आले नाही तर पहिले अपील, त्याच्या निकालाला 30 दिवस, लांबल्यास 45. इथेच फेब्रुवारीचा मध्य येतो. त्यानंतर दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे. तोवर कारखान्यांचे पट्टे पडायला लागलेले असतात, म्हणजे गाळप संपत आलेले असते. शिवाय हा अर्ज लिहायचा कोणी? फडात असलेल्या आईने?

म्हणून याच कायद्यातले कलम 4 अधिक कामाचे आहे. कोणी मागण्याची वाट न पाहता कोणती माहिती आपणहून प्रसिद्ध करायची, याचे 17 मुद्दे त्यात दिले आहेत. प्रत्येक यंत्रणेला वाटून दिलेला अर्थसंकल्प आणि वितरित केलेल्या रकमांचा अहवाल त्यात येतो, तसेच अनुदान कार्यक्रमांची अंमलबजावणी आणि त्यांना दिलेल्या रकमाही येतात. ही माहिती स्थानिक भाषेत आणि सूचना फलक, वर्तमानपत्रे, दवंडी यांसारख्या लोकांपर्यंत पोहोचणाऱ्या साधनांनी द्यावी, असेही कलमात आहे. सर्वोच्च न्यायालयाने किशनचंद जैन प्रकरणात 17 ऑगस्ट 2023 रोजी याच कलमाच्या अंमलबजावणीवर सतत लक्ष ठेवण्याचे निर्देश केंद्रीय आणि राज्य माहिती आयोगांना दिले. म्हणजे शाळेच्या भिंतीवर वसतिगृहाचा हिशेब लावणे हा कोणा उत्साही मुख्याध्यापकाचा उपक्रम ठरत नाही. ते कायद्याने सांगितलेले काम आहे.

बीडला असा उघडा दर नवा नाही. 2018-19च्या दुष्काळात जिल्ह्यात चारा छावण्या उभ्या राहिल्या, तेव्हा मोठ्या जनावरामागे दिवसाला 70 आणि लहान जनावरामागे 35 रुपये असे अनुदान शासनाने सुरुवातीला जाहीर केले आणि पुढे ते वाढवले. जनावरांना बारकोडचे बिल्लेही लावले गेले. गैरप्रकार तरीही झाले, पण दर आणि दावणीवरची संख्या ठाऊक असल्यामुळे कोणीही गुणाकार करून पाहू शकत होते. वसतिगृहातल्या एका मुलामागे दिवसाला किती रक्कम मंजूर आहे, हे त्या मुलाच्या आजीला त्याच सहजतेने सांगता यायला हवे.

जिल्हा परिषदेच्या पातळीवर आणखी एक अडचण आहे. बीड जिल्हा परिषदेच्या सदस्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. शिक्षण समितीत किंवा सर्वसाधारण सभेत फाईल मागवणारा, उभा राहून प्रश्न विचारणारा सदस्य उरला नाही, तेव्हा त्याची जागा काही अंशी तरी भरून काढू शकणारी गोष्ट म्हणजे भिंतीवरचा हिशेब.

मुख्याध्यापकांच्या बाजूनेही हा विषय पाहायला हवा, कारण या मासिकाचे बहुसंख्य वाचक त्याच खुर्चीवर बसतात. अनुदान वेळेवर येत नाही आणि मुलांना जेवण तर पहिल्या दिवसापासून लागते. मग गावातल्या दुकानातून उधारीवर किराणा येतो, कधी शिक्षकांच्या खिशातून गॅस भरला जातो. पुढे पैसे आले की मागच्या तारखांची बिले जुळवण्याची धावपळ होते आणि प्रामाणिक माणूसही लेखापरीक्षणात संशयाच्या भोवऱ्यात सापडतो. अशा वेळी उघडा हिशेब मुख्याध्यापकाच्याच मदतीला येतो. ‘डिसेंबरअखेर मिळालेली रक्कम शून्य, दुकानाची उधारी इतकी’ ही ओळ फलकावर असेल, तर विलंब जिल्ह्याच्या कार्यालयाचा आहे हे गावाला कळते आणि त्याचा जाब योग्य ठिकाणी विचारला जातो.

फलक मोठा लागत नाही. शाळेच्या व्हरांड्यातल्या काळ्या फळ्यावर खडूने आठ ओळी पुरेत. मंजूर मुले, मुली किती आणि मुलगे किती. आजची उपस्थिती. एका मुलामागे मंजूर दर. आजवर मिळालेली रक्कम आणि मिळाल्याची तारीख. महिन्याचा किराणा, भाजी, इंधन. मानधन. उधारी. आणि शेवटी, रोकडवही व साठा नोंदवही कोणत्या दिवशी पाहायला मिळेल. माहिती अधिकारात अभिलेखांची पाहणीही येते, त्यामुळे झेरॉक्स न मागता वही उघडून पाहणाऱ्याला अडवण्याचे कारण नाही.

नावे मात्र भिंतीवर नकोत. आईबाप गावात नसलेल्या मुलींची घरवार यादी चौकात लावणे म्हणजे त्यांना धोक्यात ढकलणे. जात, आधार क्रमांक, बँक खाते यांपैकी काहीही फलकावर येऊ नये. वैयक्तिक माहितीसंबंधीच्या 2023च्या कायद्याने माहिती अधिकारातील कलम 8(1)(जे) बदलले असून त्याचा आधार घेऊन सगळीच कागदपत्रे नाकारण्याचा मोह कार्यालयांना होऊ शकतो. पण मुलांची संख्या, दर, पावत्या आणि रक्कम यांत कोणाचे खासगी असे काही नाही. एखाद्या कागदावर नाव असेल, तर तेवढा भाग झाकून उरलेला देण्याची सोय कलम 10 मध्ये आहे.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून जनसुनवाया घेऊन गावाच्या कामांच्या नोंदी मजुरांसमोर वाचून दाखवल्या, तेव्हा कागदावरची खोटी मजुरी उघडी पडली. इंग्लंडमध्ये स्थानिक परिषदांना 500 पौंडांवरचा खर्च जाहीर करावा लागतो आणि बेघर कुटुंबांच्या तात्पुरत्या निवाऱ्यावर मोजलेली मोठी बिलेही त्यात येतात. बीडमध्ये यापेक्षा सोपा मार्ग हाताशी आहे. ग्रामसभा 2 ऑक्टोबरला होते, म्हणजे टोळ्या निघण्याच्या आधी. 1 मेलाही होते, म्हणजे टोळ्या परतल्यावर. पहिल्या सभेत मंजूर मुले आणि दर वाचायचे, दुसऱ्या सभेत झालेला खर्च. मधल्या महिन्यांत दर पंधरवड्याला फळ्याचा फोटो पालकांच्या व्हॉट्सअॅपवर टाकायचा. कोपीत वीज नसली तरी टोळीत एखादा चार्ज केलेला फोन असतोच.

सामाजिक न्याय विभागाच्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेलाही हीच शिस्त लागू व्हावी. राज्याने 2021 मध्ये 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांना मान्यता दिली. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून 10 रुपये घेण्याचे आणि तेवढीच भर शासनाने घालण्याचे ठरले आहे. तो ऊस ज्यांनी तोडला, त्यांना आपल्या मुलांवर त्यातले किती खर्च झाले हे विचारण्याचा हक्क इतर कोणाहीपेक्षा आधी आहे.

शिक्षणाधिकाऱ्यांनी येत्या हंगामाच्या मंजुरीपत्रातच फलकाची अट घालावी आणि केंद्रप्रमुखांनी भेटीच्या शेऱ्यात फलक होता की नव्हता हे नोंदवावे. मुख्याध्यापकांनी त्या पत्राची वाट पाहू नये. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हंगामी वसतिगृहाचा विषय घ्यावा, असे पत्र ग्रामपंचायत अधिकाऱ्याला सप्टेंबरमध्येच द्यावे.