गावच्या घरी आजी-आजोबांना नेताना

मे महिना लागला की मुंबई-पुण्याची कितीतरी कुटुंबे दापोली तालुक्यातील हर्णैसारख्या मासेमारीच्या गावांत सुट्टीसाठी येतात. वर्षभर कुलूपबंद असलेले चिऱ्याचे घर उघडले जाते. बंदरावर मासळीचा लिलाव सुरू असतो, समोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा असतो आणि सोबत आलेल्या आजी-आजोबांचा चेहरा खुलतो. मोकळी हवा, ओळखीची माणसे आणि ताजी मासळी यांचा त्यांना लाभच होतो. त्यांना अवश्य न्यावे. केवळ एवढे स्मरणात ठेवावे की घर पूर्वीचेच असले, तरी त्यात वावरणारे शरीर पूर्वीचे राहिलेले नाही.

“या घराचा कोपरा न्‌ कोपरा मला ठाऊक आहे,” असे वडीलधारी माणसे म्हणतात. ते खरेही असते. पण धोका त्या खात्रीतच असतो. उंच उंबरठे, झिजलेल्या पायऱ्या, मागील दाराला असलेला संडास आणि अवेळी जाणारी वीज! रात्री लघवीला उठलेली व्यक्ती सवयीच्या भरवशावर अंधारात पाऊल टाकते. दृष्टी, तोल आणि पायांतील बळ मात्र आता तितके साथ देत नाही. अशा पडण्यात खुब्याचे हाड मोडले, तर बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते आणि अनेकांचे स्वावलंबी हिंडणे-फिरणे त्यानंतर पूर्ववत होत नाही.

यासाठी घरातील एखाद्या तरुणाने एक दिवस आधी पोहोचावे. न्हाणीतील शेवाळ घासून काढावे, पलंगापासून संडासापर्यंतची वाट मोकळी करावी, तेथे रात्रभर जळणारा दिवा लावावा आणि उशाशी विजेरी ठेवावी. रात्रीपुरते खोलीतच भांडे ठेवण्यात कमीपणा मानू नये. बंद घरात विंचवाचीही शक्यता असते. अंथरूण आणि चपला झटकून घ्याव्यात. लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या किंवा हातपाय गार पडणे ही लक्षणे गंभीर होत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्या संशोधनामुळे या दंशावर प्राझोसिन हे प्रभावी औषध उपलब्ध झाले आहे. तेव्हा मंत्र-उताऱ्यात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

किनाऱ्यावरील दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही; त्यामुळे शरीर थंड होत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांच्या शरीरातील पाणी व क्षार अशा वेळी कमी होऊन उभे राहताच घेरी येऊ शकते. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास दिवसाला पाणी किती प्यावे, हेही विचारावे. इन्सुलिनची न उघडलेली कुपी शीतकपाटातच ठेवावी. प्रवासात ते थंड पिशवीत न्यावे, मात्र बर्फाला थेट टेकू देऊ नये.

आता जेवणाविषयी. ताजा बांगडा किंवा तारली हृदयाला हितकर आहे. ‘युरिक अ‍ॅसिड’ वाढलेल्यांनी मात्र जपून खावे. खारवलेल्या सुक्या मासळीचे तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसभरात मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा असावे. खारा बांगडा, पापड आणि लोणचे एकाच ताटात आले, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मग पायांवर सूज आणि रात्री धाप, अशी तक्रार घेऊन रुग्ण येतात. बर्फाविना उन्हात राहिलेल्या बांगड्यात किंवा सुरमईत तयार होणारे हिस्टामिन शिजवूनही नष्ट होत नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, खाज आणि धडधड सुरू झाल्यास ते कारण लक्षात घ्यावे.

शेवटी, एका कागदावर आजार, औषधे, मात्रा आणि डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक लिहून तो दाराजवळ लावावा. त्याखाली १०८ या रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि सर्वांत जवळच्या रुग्णालयाचे नाव असावे. हर्णैहून दापोली जवळ, तर रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय बरेच दूर. घाटवळणांच्या रस्त्याला लागणारा वेळ आधीच विचारून ठेवावा. आजी-आजोबांनीही रात्री उठताना शेजारी झोपलेल्या नातवाला निःसंकोच हाक मारावी. त्याची झोपमोड झाली, तर होऊ द्यावी.