भेग गेलेला टर्नबकल परत करा

नागपूरला समुद्र नाही, पण शिडाच्या होड्या आहेत. अंबाझरी तलावावर एनसीसीच्या नौदल शाखेची मुले होडी चालवायला शिकतात. हुडकेश्वर भागात लेथ आणि वेल्डिंगची दुकाने चालवणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंना या होडीचा लोखंडी साज परका वाटू नये. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा, शॅकल, पिना आणि टर्नबकल, सारा माल ओळखीचाच. टर्नबकलच्या एका टोकाला सरळ आटे, दुसऱ्याला उलटे. लेथवाल्याला आणखी काय समजवायचे?

मात्र या कामाची एक अट आपल्या सवयीच्या विरुद्ध आहे. तडा गेलेला भाग आला की आपण वेल्डिंगचा टाका मारून देतो. फाटकाच्या बिजागरीला ते चालते, डोलकाठीला नाही. वरून बुजवलेली भेग आत उरू शकते, उष्णतेने धातूचे बळ घटते आणि वाऱ्याच्या प्रत्येक झटक्याने भेग पुढे सरकते. एक पिन तुटली तरी डोलकाठी खाली येऊ शकते.

त्याचा अर्थ काय, हे सप्टेंबर २०१८ मध्ये दिसले. नौदलाचे अभिलाष टॉमी एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत असताना दक्षिण हिंदी महासागरातील वादळात त्यांची, गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ डोलकाठी गमावून बसली. पाठीला मार लागलेले टॉमी सुटका होईपर्यंत तीन दिवस होडीत पडून होते. तिथे कारण वादळ होते. आपल्या हातचा कच्चा टाका कारण ठरू नये.

म्हणून काही नियम पाळावेत. तार टोकाच्या नळीत शिरते तिथे भिंगाने पाहावे. एक धागा तुटला असेल तरी पूर्ण तार बदलावी. स्टेनलेसवर साध्या लोखंडी तारेचा ब्रश चालवू नये, त्याचे कण गंजतात. टर्नबकलवर चिकटपट्टी घट्ट गुंडाळू नये. आत पाणी साचते, हवा मिळत नाही आणि स्टेनलेसही खाल्ले जाते. ॲल्युमिनियमची डोलकाठी आणि स्टेनलेसचा भाग यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर घालावा. वाकलेली पिन ठोकून सरळ करू नये, नवीन द्यावी.

होड्यांचे काम नागपुरात थोडेच मिळेल, हे खरे. पण याच तारा, हेच शॅकल क्रेनवर, मांडवावर आणि मोबाईलच्या मनोऱ्यावरही असतात. तिथेही खाली माणसे उभी असतात. गिऱ्हाईक ‘चालवून घ्या’ म्हणेल. आजचे शंभर रुपये सोडून ‘हे दुरुस्त होणार नाही’ असे सांगणे, हीच या धंद्यातली पहिली कारागिरी आहे.