उसना तास

आमची धाकटी मुलगी इंग्लंडात, लेस्टर येथे राहते. तेथे उटणे मिळते, सुगंधी तेल मिळते, पणत्याही मिळतात. पण कारिट मिळत नाही. तेव्हा नातवाच्या वाटणीचे कारिट मी येथे, चिपळूणजवळच्या आमच्या घरी, तुळशीपुढे अंगठ्याखाली फोडायचे आणि तिकडे त्याने आईकडून डोक्याला तेल लावून घेता घेता ते फोनवर पाहायचे, असा नवाच कुळाचार आमच्याकडे सुरू झाला आहे. पंचांगात तो सापडणार नाही, पण आम्ही तो नेमाने पाळतो.

२०१९ सालची गोष्ट. त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, २७ ऑक्टोबरला, रविवारी आले होते. आदल्या दिवशी धाकटीने सांगितले, "बाबा, तुमचे दहा म्हणजे आमचे साडेपाच. मी गजर लावून ठेवते." आम्ही पावणेदहालाच अंगणात येऊन उभे. कारिट तयार, निरांजन तयार, फोन हातात. दहा वाजले, सव्वादहा झाले, साडेदहा झाले. तिकडून कोणी फोन उचलीना. "अहो, पोरगी अशी कधी करीत नाही," असे आमच्या सौभाग्यवतींनी तीनदा म्हटले. आणि चौथ्यांदा त्यांना बोलवेना. परदेशी असलेल्या लेकराचा फोन वेळेवर आला नाही म्हणजे आईच्या मनात काय काय येते, ते ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांना मी सांगायला नको.

अकराला धाकटी फोनवर आली, तीही गोंधळलेली. काहीच बिघडले नव्हते. त्या रात्री इंग्लंडातील सगळी घड्याळे एक तास मागे गेली होती, एवढेच! तिच्या फोनने तिला न विचारता स्वतःचे काटे फिरवून घेतले आणि साडेपाचचा गजर नव्या साडेपाचला वाजविला. आमच्या घरात ठरल्या वेळी जागा झाला तो एकटा अडीच वर्षांचा नातू. त्याला कोणी मागे फिरविला नव्हता. तो जुन्याच साडेपाचाला उठून बसला, आणि "अजून साडेचारच वाजलेत, झोप रे राजा," असे म्हणत त्याची आई त्याला तासभर थोपटीत राहिली. खरी वेळ कोणाला कळली होती, ते वाचकांनीच ठरवावे.

ही घड्याळ मागेपुढे करण्याची चाल आपल्याकडे नाही, म्हणून ती काय आहे ते थोडक्यात सांगतो. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळे एक तास पुढे सारतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे आणतात. हेतू असा की उन्हाळ्यात लोकांनी लवकर उठावे आणि संध्याकाळचा उजेड जास्त उपभोगावा. लंडनला डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, तर जूनमध्ये साडेसोळा तासांहून मोठा. आपल्या कोकणात तो अकरा ते तेरा तासांच्या आतबाहेर राहतो. म्हणून आपल्याला ही उठाठेव सुचली नाही; त्यांना सुचली, यात नवल नाही. परंतु सुचलेली प्रत्येक गोष्ट शंभर वर्षे चालवावी असे थोडेच आहे? मी स्पष्टच म्हणतो, ही चाल बंद झाली पाहिजे. आणि ती बंद करताना घड्याळ सूर्याजवळच्या, म्हणजे हिवाळ्याच्या वेळेवर कायमचे थांबविले पाहिजे.

ही कल्पना काढली कोणी? न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसन ह्या पोस्टात काम करणाऱ्या गृहस्थाला किडे गोळा करण्याचा नाद होता. काम संपल्यावर त्या नादासाठी उजेड उरावा म्हणून त्याने १८९५ मध्ये घड्याळे दोन तास सारण्याची सूचना केली. इंग्लंडात विल्यम विलेट हा घरे बांधणारा मनुष्य पहाटे घोड्यावरून रपेट करी. एवढे लख्ख उजाडले असताना लोक खिडक्यांचे पडदे ओढून झोपलेले पाहून त्याचा जीव हळहळला, आणि १९०७ मध्ये त्याने दिवसाच्या उजेडाच्या नासाडीवर एक पुस्तिकाच काढली. दोघेही सज्जन. पण सरकारांनी त्यांचे ऐकले ते किड्यांसाठी नव्हे की पहाटेच्या शोभेसाठी नव्हे. पहिल्या महायुद्धात कोळसा वाचवायचा होता, म्हणून जर्मनीने ३० एप्रिल १९१६ रोजी घड्याळे पुढे केली. तीन आठवड्यांत इंग्लंडने तेच केले. बिचारा विलेट आदल्याच वर्षी वारला होता.

तेव्हा संध्याकाळी दिवा लावणे हाच घरातला मोठा खर्च होता. आज दिव्याला वीज लागते ती किती? खरी वीज खातात ती घर थंड करणारी आणि गरम करणारी यंत्रे. अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या बऱ्याच भागांत ही चाल पूर्वी नव्हती. २००६ पासून ती साऱ्या राज्यात लागू झाली. तेव्हा अभ्यासकांनी घरोघरची वीजबिले तपासली, आणि वापर कमी होण्याऐवजी सुमारे एक टक्क्याने वाढल्याचे आढळले. दुसरीकडे थोडी बचत झाल्याचे दाखले आहेत, ते मी लपवीत नाही. अमेरिकन सरकारच्याच एका पाहणीत वाढीव काळात दिवसाला अर्धा टक्का बचत दिसली होती. म्हणजे भांडण आता एवढ्या अर्ध्याएक टक्क्याचे उरले आहे! तेवढ्यासाठी कोट्यवधी माणसांना वर्षातून दोनदा झोपेतून ढकलायचे काय?

झोपेचे म्हणाल तर शरीर काही सरकारी हुकूम वाचीत नाही. ते उजेडावर चालते. स्वीडनमधील नोंदींवरून केलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. घड्याळ पुढे केल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराचे झटके सुमारे पाच टक्क्यांनी वाढलेले त्यात दिसले. एक तासाने काय होते, असे विचारणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

आता आमच्या जावयांची गोष्ट. ते तिकडे एका रुग्णालयात परिचारकाचे काम करतात. त्या २०१९ च्या दिवाळीच्या आदल्या रात्री त्यांची रात्रपाळी होती, रात्री आठ ते सकाळी आठ. बारा तासांची पाळी. पण मध्येच घड्याळ मागे गेल्यामुळे ती तेरा तासांची झाली. त्यांनी वरिष्ठांकडे तेराव्या तासाची विचारणा केली, तेव्हा उत्तर मिळाले, "मार्चमध्ये फिटेल." मार्चमध्ये रात्र एक तासाने आखूड होते, हे खरे. पण मार्चच्या त्या रात्री जावयांची पाळीच नव्हती! ती अकरा तासांची रात्र दुसऱ्याच कोणाच्या वाट्याला गेली. उसनवारीचा व्यवहार मला कळतो. आमच्या घरून वाटीभर साखर शेजारी जाते आणि दसऱ्यापूर्वी परत येते. पण साखर एकाने द्यायची आणि परत मिळायची दुसऱ्याला, ह्याला उसनवारी म्हणत नाहीत. घरी आले तेव्हा जावई इतके थकले होते की मुलाच्या पहिल्या आंघोळीचे फोटो त्यांनी संध्याकाळी पाहिले.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र जोरदार आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते म्हणतात, "घड्याळ हलविले नाही तर जूनमध्ये लंडनला सूर्य पावणेचारला उगवेल आणि लोक झोपलेले असतील. तो उजेड संध्याकाळी खेळणाऱ्या मुलांना मिळाला तर तुमचे काय जाते?" माझे काही जात नाही. मुलांनी जरूर खेळावे. पण त्यासाठी घड्याळ कशाला हलवायला हवे? मी छत्तीस वर्षे शाळेत शिकविले आणि त्यांतली शेवटची नऊ मुख्याध्यापक होतो. मार्च लागून ऊन तापू लागले की आमच्या भागात शाळा सकाळची होते. नोटीस फिरते, घंटा लवकर वाजते, आणि पोरे दुपारच्या आत घरी जातात. एवढ्या वर्षांत ह्यासाठी शाळेच्या भिंतीवरचे घड्याळ खाली काढावे असे एकाही शिपायाला सुचले नाही. आसामातल्या चहामळ्यांत तर कामाची वेळच घड्याळाच्या एक तास पुढे धरतात. त्यासाठी साऱ्या देशाचे काटे फिरवावे लागत नाहीत. घंटा हलवावी, घड्याळ हलवू नये, हे ज्ञान आमच्या शिपायाला होते, ते युरोपच्या मंत्र्यांना नसावे काय?

यावर ते म्हणतील की घड्याळ हलविले म्हणजे कचेऱ्या, गाड्या, दुकाने सगळे एकदम हलते. घंटा हलविली तर ज्याची त्याची निराळी. हीच तर माझी तक्रार आहे! सगळे एकदम हलते, म्हणून ज्यांनी हलू नये तेही हलतात. ज्याला बागेत बसायचे आहे त्याच्या सोयीसाठी रात्रपाळीचा परिचारक हलतो, दूध काढण्याच्या वेळेला गाय हलते, तान्हे मूल हलते.

त्या देशांतले लोकही कंटाळले आहेत. युरोपीय संघाने २०१८ मध्ये लोकमत मागविले. सेहेचाळीस लाख उत्तरे आली आणि त्यांतल्या ८४ टक्के लोकांनी ही चाल बंद करा म्हणून सांगितले. त्यांत तीसएक लाख उत्तरे एकट्या जर्मनीची होती, तेव्हा हा साऱ्या युरोपचा कौल म्हणता येणार नाही. पण दुर्लक्ष करण्याजोगाही तो नव्हे. २६ मार्च २०१९ रोजी युरोपीय संसदेने ४१० विरुद्ध १९२ मतांनी ठरविले की २०२१ पासून हे बंद व्हावे. पण राज्याराज्यांच्या सरकारांचे एकमत होईना, आणि ठराव तसाच पडून राहिला. अडले कोठे? काटे थांबवावे ह्यावर नव्हे. कोणत्या वेळेवर थांबवावे, ह्यावर. अनेकांना उन्हाळी वेळ कायमची हवी आहे.

त्यांना इतिहास विचारा. इंग्लंडने १९६८ पासून उन्हाळी वेळ वर्षभर ठेवून पाहिली. स्कॉटलंडच्या उत्तरेला डिसेंबरात दहाच्या सुमारास उजाडू लागले. मुले काळोखात शाळेला जाऊ लागली, आणि १९७० च्या डिसेंबरात पार्लमेंटने ३६६ विरुद्ध ८१ मतांनी तो प्रयोग मोडीत काढला. अमेरिकेने तेलटंचाईमुळे जानेवारी १९७४ मध्ये तेच केले, आणि त्याच वर्षी मागे घेतले. रशियाने २०११ मध्ये केले, २०१४ मध्ये सोडून दिले आणि काटा हिवाळी वेळेवर कायम केला. तीन देश, तीन वेळा ठेच. पुढच्याने शहाणे व्हायला आणखी किती ठेचा हव्यात?

कोणी म्हणेल, मास्तर, ही उठाठेव तुम्हांला कशाला? आपल्याला ह्याचा अनुभव नाही असे नाही. १९०६ मध्ये मुंबईवर भारतीय प्रमाणवेळ लादली, तेव्हा ती शहराच्या स्वतःच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी पुढे होती. गिरणीकामगार काम टाकून बाहेर पडले, आणि महापालिकेने पुढे कित्येक वर्षे मुंबईची वेळच चालविली. ती प्रमाणवेळ अखेर आपण पत्करली, कारण ती एकदाच आली आणि राहिली. दर सहा महिन्यांनी उंबरठा ओलांडीत बसली नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, सरकारने भारतातही घड्याळे एक तास पुढे केली होती. वडील सांगत, शाळेचे घड्याळ पुढे गेले, पण गाव मागेच राहिले, लग्नाचे आमंत्रण आले की पहिला प्रश्न, "जुना टाइम की नवा?" युद्ध संपले आणि तो नवा टाइमही संपला. ज्यांनी तो आपल्यावर आणला, त्यांच्या घरी तो अजून चालू आहे!

सूर्योदयापूर्वी स्नान करावे, एवढेच आपले शास्त्र सांगते. किती वाजता, ते सांगत नाही. लेस्टरला त्या दिवशी जुन्या घड्याळाने पावणेआठला उजाडले असते, नव्याने पावणेसातला उजाडले. सूर्य तोच होता आणि त्याच्यापूर्वी आंघोळ करून बसलेला आमचा नातूही तोच.

त्या दिवाळीनंतर आमच्या सौभाग्यवतींनी ओटीवर दुसरे घड्याळ लावून घेतले. एक आमचे, एक लेस्टरचे. आमचे एकदा लावले ते लावले. लेस्टरच्या घड्याळासाठी वर्षातून दोनदा मला स्टुलावर चढावे लागते, आणि आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी डॉक्टरांनी मला स्टुलावर चढायला सक्त मनाई केली आहे. युरोपच्या मंत्रिमंडळांनी लोकांचे ऐकले नाही, संसदेचे ऐकले नाही. निदान माझ्या डॉक्टरांचे तरी ऐकावे, ही विनंती.