चांदीपुराच्या दोन साथींमधला काळ

सुरतेच्या नवागाम-दिंडोलीतल्या अनेक मराठी घरांचा एक पाय अजून खानदेशात आहे. मे महिन्यात मुले आजोळी जातात आणि शाळा उघडायच्या सुमारास नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरहून सुरतेच्या गाडीत बसून परततात. नेमका हाच हंगाम चांदीपुरा विषाणूचा. सकाळी अंगणात खेळणारे मूल दुपारी तापाने फणफणते, उलट्या-जुलाब होतात, झटके येतात, शुद्ध हरपते. ताप डोक्यात चढला, असे लोक म्हणतात. त्यानंतर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांतही जीव जाऊ शकतो.

२०२४च्या जुलैत साबरकांठा आणि अरवल्लीतून अशा मुलांच्या बातम्या येऊ लागल्या आणि बघता बघता निम्म्याहून अधिक गुजरातेत धास्ती पसरली. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या आकड्यांनुसार १ जून ते १५ ऑगस्ट या काळात देशात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले ८२ दगावले. चांदीपुरा विषाणूची खात्री पटली ती ६४ जणांत, आणि त्यांतले ६१ गुजरातचे होते. वीस वर्षांतली ही सर्वांत मोठी साथ. पण या आकड्यांतला आम्हाला सर्वाधिक अस्वस्थ करणारा भाग निराळा आहे. ज्या १८१ रुग्णांत चांदीपुरा सिद्ध झाला नाही, त्यांना नेमके काय झाले होते?

या विषाणूशी महाराष्ट्राचा संबंध त्याच्या नावापासून आहे. १९६५ साली नागपूर भागात तापाची साथ होती. पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे संशोधक, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचे, डेंग्यू आणि चिकुनगुनियाच्या शोधात रक्ताचे नमुने तपासत होते. दोन रुग्णांच्या रक्तात त्यांना एक अनोळखी विषाणू सापडला. वस्तीच्या नावावरून त्याला चांदीपुरा म्हटले गेले. रेबीजचा विषाणू ज्या कुळातला, त्याच कुळातला हा. पुढे महाराष्ट्रातल्या वाळूमाश्यांतही तो मिळाला. मात्र त्या वेळी तो साध्या तापापलीकडे फारसे काही करत असेल असे कुणाला वाटले नाही आणि त्याची नोंद बराच काळ कपाटातच राहिली.

२००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली आणि १८३ मरण पावली, तेव्हा पुण्याच्या संशोधकांनी या जुन्या ओळखीच्या विषाणूकडे बोट दाखवले. पुढच्याच वर्षी पूर्व गुजरातेत लहानशी साथ आली. रुग्ण थोडे होते, पण आजारी पडलेल्यांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिक गेले. वेल्लोरचे विषाणूतज्ज्ञ टी. जेकब जॉन यांनी मात्र आंध्रातल्या निष्कर्षाला जाहीर हरकत घेतली होती. मुलांच्या मेंदूला सूज आली होती की मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर आघात झाला होता, हा त्यांचा प्रश्न होता. असा वाद विज्ञानाला पोषकच असतो. दुःख याचे की साथ ओसरली तसा वादही ओसरला आणि तो निकाली काढण्याइतके काम मधल्या वर्षांत झाले नाही.

कारण शोधल्याने काय बदलते, याची उदाहरणे आपल्याच देशात आहेत. बिहारच्या मुझफ्फरपुरात दर उन्हाळ्यात मुले झटके येऊन मरत. वर्षानुवर्षे हा विषाणूचा ताप मानला जात होता. रात्रीचे जेवण न करता झोपलेल्या, आधीच कुपोषित मुलांनी लिची खाल्ली की फळातल्या विषारी घटकांमुळे रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते, हे २०१३-१४च्या अभ्यासातून पुढे आले. साखर तपासा, ग्लुकोज द्या, मुलाला उपाशी झोपवू नका, अशी उपचाराची दिशाच बदलली. गोरखपुरात जपानी मेंदूज्वराच्या सावलीत स्क्रब टायफस लपला होता. तो जिवाणूचा आजार. स्वस्तातल्या प्रतिजैविकाने बरा होतो, पण ते वेळेवर सुरू झाले तरच. मेंदूज्वर हे अनेक आजारांचे एकत्र गाठोडे आहे. ते सोडून पाहिले नाही तर वाचू शकणारी मुलेही जातात.

चांदीपुराच्या बाबतीत हे गाठोडे सोडायला वेळ फार थोडा मिळतो. विषाणू सापडण्याची शक्यता आजाराच्या अगदी सुरुवातीला सर्वाधिक असते, म्हणून रक्ताचा आणि शक्य असेल तेव्हा पाठीतल्या पाण्याचा नमुना रुग्णालयात पाऊल पडताच घ्यावा लागतो. प्रतिपिंडे तयार व्हायला काही दिवस जातात आणि हे मूल तेवढे दिवस जगेलच असे नाही. अशा मुलाची प्रतिपिंडांची चाचणी नकारार्थी आली तर तो अहवाल फसवा ठरू शकतो. विषाणूची जनुकीय चाचणी हवी आणि ती जवळपास हवी. २०२४मध्ये सुरुवातीला नमुने पुण्याला पाठवावे लागत होते, नंतर गांधीनगरच्या जैवतंत्रज्ञान संशोधन केंद्रातही तपासणी होऊ लागली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. दक्षिण गुजरातसाठी ही सोय सुरतेतच बारमाही असायला हवी.

औषध किंवा लस आजही नाही. पुण्याच्या संस्थेने निष्क्रिय केलेल्या विषाणूपासून एक लस करून पाहिली, उंदरांत तिचा परिणाम चांगला दिसला आणि २०११मध्ये ते काम प्रसिद्धही झाले. त्यानंतर ती मुलांपर्यंत पोहोचलेली नाही. अधूनमधून खेड्यापाड्यांत येणाऱ्या आजाराच्या लशीत कुणी पैसा गुंतवायचा, हा प्रश्न बाजार सोडवत नाही. तो सरकारनेच सोडवायचा असतो, आणि तसे घडू शकते. कर्नाटकातल्या कोलारमध्ये मिळालेला जपानी मेंदूज्वराचा विषाणू याच संस्थेने जपून ठेवला होता. त्यावरून भारत बायोटेकने केलेली लस २०१३मध्ये आली. मधला काळ तीन दशकांचा होता, पण साखळी तुटली नव्हती.

तोवर झटके थांबवणे, श्वास चालू ठेवणे, साखर आणि क्षार सांभाळणे, मेंदूवरचा दाब वाढू न देणे, यावरच मुलाचा जीव अवलंबून असतो. हे सगळे अतिदक्षता कक्षातले काम आहे, म्हणून नवागामच्या आईबापांना एवढेच सांगणे आहे: तापात मूल गुंगीत गेले किंवा झटका आला तर सकाळची वाट पाहू नका. त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि सरळ स्मीमेर किंवा सिव्हिल रुग्णालय गाठा.

हा विषाणू पसरवणाऱ्या वाळूमाशीकडेही लक्ष द्यायला हवे. ती डासाहून लहान, साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून आत शिरणारी, मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत राहणारी. साथ आली की मेलॅथिऑनची भुकटी टाकली जाते, भेगा लिंपण्याच्या सूचना निघतात. एरवी तिची मोजणी कोण करते? शहराच्या कडेच्या तबेल्यांजवळ आणि कच्च्या घरांत ती किती आहे, तिच्यात विषाणू आहे का, हे फेब्रुवारीत तपासले तर जूनमध्ये उपयोगी पडेल.

सुरतेला हे जमणार नाही असे कुणी म्हणू नये. १९९४च्या सप्टेंबरात प्लेगच्या धास्तीने लाखो माणसे हे शहर सोडून गावी निघाली आणि आजार नेमका कोणता यावर वाद बराच काळ चालला. त्या धक्क्यातून सावरताना महापालिकेने स्वच्छतेबरोबर तापाच्या रुग्णांवर रोज नजर ठेवण्याची घडी बसवली. ती घडी आता राज्याच्या सीमेपलीकडे न्यावी लागेल. नवापूरच्या रेल्वे स्थानकाच्या एकाच फलाटावर महाराष्ट्र संपतो आणि गुजरात सुरू होतो. प्रवासी ती रेघ सहज ओलांडतात, रुग्णाचे कागद मात्र तिथेच अडकतात. नंदुरबारच्या पाड्यावर माशी चावलेले मूल दिंडोलीत आजारी पडले तर संसर्गाचा पत्ता कुठला लिहायचा, आणि त्या पाड्यावर तपासणीला कोण जायचे? सुरत, तापी, नंदुरबार, धुळे आणि जळगाव या जिल्ह्यांची मेंदूज्वराची एकच नोंदवही असावी. प्रत्येक रुग्णाची आधीच्या पंधरवड्यातली ये-जा तीत लिहिली जावी आणि निदान न झालेल्या प्रत्येक मुलाचा नमुना पुढच्या तपासणीसाठी जपून ठेवला जावा. दोन्ही राज्यांच्या आरोग्य सचिवांनी मनावर घेतले तर हे काम एका बैठकीत ठरू शकते, आणि ती बैठक पुढच्या मे महिन्याआधी व्हायला हवी.